रविवारचा साडेअकराचा फोन

(या कुटुंबाने हा मजकूर वाचून संमती दिली आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, घटनांचा क्रम तोच ठेवला आहे. मी निवृत्त शिक्षिका. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कुटुंब समितीवर असल्याने अशा घरांत जाऊन बसायचं काम माझ्याकडे येतं.)

पार्श्वभूमी

नगरमधलं, म्हणजे आता कागदोपत्री अहिल्यानगरमधलं, हे घर. वडील एका शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क, आई खासगी दवाखान्यात स्टाफ नर्स. मुलगा २००२ चा, मुलगी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. सोबत आजी. आजोबांनी खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांत पाळक (पाद्री) म्हणून उभी हयात काढली, त्यामुळे नातेवाइकांत या घराला अजूनही ‘पाळकसाहेबांचं घर’च म्हणतात. वडील मंडळीचे सेक्रेटरी. उपासनेच्या आधी माइक तपासणारे आणि नंतर दानार्पणाचे पैसे मोजायला बसणारे.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. त्याच्या मंडळ्या पुढे १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. या घराची नोंद मधल्या काळातली. खापरपणजोबांनी दुष्काळाच्या वर्षांनंतर बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या बापाने त्यांना दारातून आत घेतलं नाही, असं घरात सांगतात. मोठ्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांच्यापासून पुढे सगळ्यांच्या जन्माच्या आणि बाप्तिस्म्याच्या तारखा शाईने लिहिलेल्या आहेत. घरातून हाकलले गेल्याची गोष्ट त्या पानावर नाही.

मुलगा संडे स्कूलमध्ये पाठांतरात कायम पहिला. २०१७ मध्ये, पंधराव्या वर्षी, अकरा मुलांच्या तुकडीसोबत त्याचं दृढीकरण, म्हणजे लहानपणी झालेल्या बाप्तिस्म्याचा विश्वास स्वतः स्वीकारण्याचा विधी, झाला. बिशपसाहेब आले होते, मुलांना पांढरे सदरे शिवले होते, भिंतीवर तो फोटो आहे. २०२१ च्या अखेरीस कॉलेज प्रत्यक्ष सुरू झालं तसा तो पुण्याला गेला. आंबेगावात तिघा मित्रांसोबत खोली घेतली. ट्रंकेत आईने गायनाचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिलं होतं.

अडचण

दर रविवारी साडेअकराला घरून फोन जायचा. नगरची उपासना अकराला सुटते, हात धुऊन चहा होईपर्यंत साडेअकरा. पहिला प्रश्न आईचा, “जेवलास का?” दुसरा वडिलांचा, “उपासनेला गेला होतास का?” तो “हो” म्हणायचा. मग वडील विचारायचे, “वचन कुठलं होतं?” आणि तो अध्यायासकट सांगायचा.

२०२२ च्या मध्यापासून तो गेलाच नव्हता. करोनात सुरू झालेलं यूट्यूबवरचं प्रक्षेपण त्या मंडळीने पुढेही चालू ठेवलं होतं. हा अकरा-वीसला उठायचा, दोन मिनिटं व्हिडिओ पुढे ढकलून उपदेशाचं वचन शोधायचा आणि फोनची वाट बघायचा. दीड वर्ष हे बिनबोभाट चाललं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये कापणीच्या सणाला पुण्याच्या त्या मंडळीने दुसऱ्या चर्चबरोबर संयुक्त उपासना ठेवली. चॅनेलवर त्या दिवशी जुनंच रेकॉर्डिंग लावलं होतं. मुलाने फोनवर सांगितलं, “योहान पंधरा, द्राक्षवेल.” संध्याकाळी पिंपरीच्या मावशीचा फोन आला. ती संयुक्त उपासनेला गेली होती. वचन बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सव्वीसाव्या अध्यायातलं होतं, प्रथमफळांचं, आणि नंतर उसाच्या मोळीचा लिलाव कसा चढत गेला हेही तिने रंगवून सांगितलं. वडिलांनी फोन ठेवला आणि त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. “बाई, तो चर्चला जात नाही हे एक वेळ सोसेन. पण देवाच्या वचनाचा उपयोग त्याने खोटं बोलायला केला.” त्यांचं दुःख खरं होतं. त्याच वाक्याच्या शेपटीला मात्र दुसरी भीती लटकत होती, जी आईने बोलून दाखवली. जानेवारीत मंडळीची निवडणूक होती. सेक्रेटरीच्या मुलाबद्दल लोक काय म्हणतील?

समोर असलेले पर्याय

त्या सोमवारी पुढच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो. वडील, आई, आजी, आमचे पाळकसाहेब आणि मी.

वडिलांना पैसे थांबवायचे होते. शेवटचं वर्ष, एका सत्राची फी बाकी आणि खोलीभाड्याचा त्याचा वाटा साडेचार हजार. “पोटाला चिमटा बसला की येतो माणूस वाटेवर.” पाळकसाहेबांनी याला ठाम नकार दिला, आणि तो बरोबर होता. पैशाच्या जोरावर आलेला मुलगा बाकावर बसलेला दिसला असता, एवढंच.

मुलाला घरी आणून नगर-पुणे रोज जा-ये करायला लावायची सूचनाही आली. एकेरी एकशेवीस किलोमीटर. ती फार टिकली नाही.

आई म्हणाली, “तो प्रश्नच विचारायचा नाही, असं केलं तर?” वडिलांनी मान झटकली. “म्हणजे आपणच सोडून द्यायचं?” आई गप्प झाली. आम्हीही ते तिथेच सोडलं.

आजीचं एवढंच म्हणणं होतं, “त्याला नाताळला येऊ द्या, मी बोलते.” आजींनी चाळीस वर्षं खेड्यांत पाळकीणबाई म्हणून काढली होती, आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त घरं पाहिली होती. तरी म्हातारं माणूस मायेपोटी बोलतंय असं आम्हाला वाटलं.

आणि एक सूचना मी केली. पुण्यातले एक तरुण पाळक माझ्या ओळखीचे होते. मुलांत मिसळणारे, गिटार वाजवणारे. त्यांनी सहज भेट द्यावी. घरच्यांनी दबाव आणण्यापेक्षा बाहेरच्या माणसाशी तो मोकळेपणाने बोलेल, असा माझा हिशोब. सगळ्यांना पटलं. मुलाला आधी सांगायचं का, असं आईने विचारलं होतं. “सांगितलं तर टाळेल,” असं मी म्हणाले. हे वाक्य माझं आहे, म्हणून इथे लिहिते.

काय केलं, काय घडलं

जानेवारी २०२४ मधल्या एका शनिवारी दुपारी ते पाळक गेले. एकटे गेले नाहीत, मंडळीतल्या दोघा सभासदांना सोबत नेलं. खोलीत चौघं पोरं जमिनीवर लॅपटॉप मांडून प्रोजेक्ट करत बसली होती. विचारपूस झाली, बिस्किटं झाली, आणि मग तिघांनी उभं राहून, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, मोठ्याने प्रार्थना केली. ‘या भरकटलेल्या लेकरासाठी.’ बाकीची तीन पोरं उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली. त्यातला एक लातूरचा, एक जळगावचा. त्यांना नीटसं काहीच कळलं नव्हतं, आणि जेवढं कळलं तेवढं फार होतं.

त्या रात्री मुलाने घरी फोन केला. स्पीकर चालू होता, धाकटीनेही ऐकलं. तो म्हणाला, “दर रविवारी टिळकांची गाणी म्हणता ना? टिळक घरच्यांची परवानगी काढून ख्रिस्ती झाले होते का? खापरपणजोबा झाले होते का?” वडिलांनी “तोंड सांभाळ” म्हटलं. मुलाने फोन बंद केला आणि घरच्या तिघांचेही नंबर ब्लॉक केले. एक्कावन्न दिवस.

मुलाचा टोला राग म्हणून सोडून देता येत नाही. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधला काळ त्या घराने काय सोसून काढला हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण लक्ष्मीबाई आल्या त्या आपल्या पायांनी आल्या, आपल्या वेळेला. आपल्या मंडळ्यांत ही गोष्ट साक्ष म्हणून शंभरदा सांगितली जाते. तीच गोष्ट उलट्या दिशेने चालू लागली की आपल्याला ऐकवत नाही.

त्या एक्कावन्न दिवसांत दोन गोष्टी घडल्या.

एक आईची. महिला मंडळात तेव्हा बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाचं वाचन चालू होतं. मुलाला देवाच्या घरी सोडून आलेली हन्ना दरवर्षी त्याच्यासाठी एक लहानसा झगा करून नेते, हे दुसऱ्या अध्यायात आहे. आई मला म्हणाली, “बाई, तिने माप कसं घेतलं असेल? वर्षभर पोरगं डोळ्यांसमोर नाही.” दुसऱ्या आठवड्यात नाइट ड्यूटी संपवून ती थेट तारकपूर स्टँडवर गेली आणि पुण्याची एसटी धरली. घरात कुणालाही सांगितलं नाही. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, बाजरीच्या भाकरी आणि एक नवा शर्ट. कॉलेजच्या गेटवर उभी राहिली. मुलगा आला, बोलला नाही, पण गेलाही नाही. दोघं टपरीवर बसली. त्याने शर्ट अंगाला लावून पाहिला. अडतीस नंबरचा होता. “आई, मला बेचाळीस लागतो आता.” तिने तोच शर्ट दुकानात नेऊन बदलून आणला आणि पुन्हा कुरिअरने पाठवला. चर्चचा विषय तिने काढला नाही. आईचा नंबर त्या दिवसापासून सुरू झाला.

दुसरी गोष्ट वडिलांची, आणि ती अवघड गेली. त्यांच्या पुढच्या खोलीत नीतिसूत्रे २२:६ ची फ्रेम आहे, मुलाच्या बाप्तिस्म्याला मिळालेली. ते त्या फ्रेमकडे बोट दाखवून म्हणाले, “वृद्धपणीही तो त्यापासून परावृत्त होणार नाही. लिहिलंय ना इथे? मग माझं काय चुकलं?” मी त्यांना वचनाचा पहिला अर्धा भाग वाचायला लावला. ‘मुलाच्या स्थितीस अनुरूप असे शिक्षण त्याला दे.’ त्यांनी दोनदा वाचलं. वीस वर्षं ते वचन भिंतीवर होतं, पण ‘स्थितीस अनुरूप’ या दोन शब्दांवर कधी थांबले नव्हते. “स्थिती म्हणजे?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “तेच तर आपण कुणीच त्याला विचारलं नाही.”

मग त्यांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला काढला. नव्याण्णव सोडून मेंढपाळ शोधायला गेलाच ना? म्हणजे पाळक पाठवले ते काही चूक नव्हतं. आतल्या खोलीतून लसूण सोलता सोलता आजी म्हणाल्या, “मेंढरू हरवलं होतं. पोरगा गेला होता. त्याच अध्यायात पुढे उधळ्या पुत्राचं वाच. बापाने मागे कुणाला धाडलं का?”

लूकच्या पंधराव्या अध्यायावर मी बरेच उपदेश ऐकलेत. हा सगळ्यांत लहान.

यानंतर वडिलांनी जे केलं त्याचं श्रेय मी घेणार नाही. त्यांनी मुलाला पत्र लिहिलं. ऑफिसच्या सवयीने विषय आणि दिनांकासकट, पण लिहिलं. पाळकांना न विचारता पाठवलं ही चूक झाली, फी भरली आहे, तिच्याशी कसलीही अट जोडलेली नाही, रविवारचा तो प्रश्न यापुढे विचारणार नाही. एवढ्या तीन गोष्टी. उपदेश नाही, वचन नाही.

आणि मंडळीच्या कमिटीत ते स्वतः उभे राहिले. “माझा मुलगा सध्या उपासनेला जात नाही. हे तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. प्रार्थनेच्या विषयांत त्याचं नाव घेऊ नका.” ही शेवटची विनंती समजून घ्यायला आमच्या मंडळ्या आतून माहीत असाव्या लागतात. बुधवारच्या प्रार्थनासभेत ‘अमक्याच्या मुलासाठी विशेष प्रार्थना’ अशी मागणी झाली की गुरुवारपर्यंत ती बातमी श्रीरामपूरला पोचलेली असते. प्रार्थनेच्या पदराखाली किती चुगल्या खपतात याचा हिशोब कधीतरी मांडायला हवा. निवडणुकीनंतर सेक्रेटरीपद त्यांच्याकडे राहिलं होतं. ते सोडायची तयारी त्यांनी त्याच बैठकीत दाखवली. कुणी सोडू दिलं नाही.

मुळाशी काय होतं

हे उशिरा कळलं. आजोबा एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत गेले. ऑक्सिजन बेडवर नऊ दिवस होते. मंडळीने साखळी प्रार्थना लावली होती, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या. मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. पहाटे तीन ते पाचच्या पाळ्या त्याने स्वतःहून मागून घेतल्या होत्या. दफनाला मोजकी माणसं. मुलगा सर्वांच्या मागे उभा होता. तिथे मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, “कुठेतरी विश्वास कमी पडला.”

एप्रिल २०२४ मध्ये आजोबांच्या स्मृतिदिनाला तो आला. बापलेक दोघंच कब्रस्तानात गेले. तिथे त्याने हे पहिल्यांदा सांगितलं. वाक्य कुणी म्हटलं ते त्याला महत्त्वाचं नव्हतं. “पप्पा, तुम्ही त्यांच्या शेजारीच उभे होतात. तुम्ही काहीच बोलला नाहीत.” वडिलांनी ते वाक्य तेव्हा ऐकलं होतं. बाप गेलेला, मास्क लावलेला, पीपीई किटमधली माणसं घाई करत होती. ते बोलले नाहीत हे खरंच होतं, आणि त्यांनी ते तिथे कबूल केलं.

निष्पत्ती

मुलगा जुलै २०२४ मध्ये हिंजवडीत नोकरीला लागला. तो चर्चला परत आला का, हा प्रश्न मला सगळे पहिला विचारतात. नाही. २०२४ च्या नाताळला तो घरी होता, आजीला धरून चर्चला आला, शेवटच्या बाकावर तिच्याजवळ बसला. प्रभुभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ घ्यायच्या भाकरीचं, ताट आलं तेव्हा त्याने ते न घेता पुढे दिलं. वडील समोरून बघत होते. उपासना सुटल्यावर त्यांनी विचारलं, “गाडीत पेट्रोल आहे ना?”

फोन आता कुठल्याही वारी होतो. तो खोटं बोलत नाही. नोकरीतला गोंधळ, घरमालकाशी झालेलं भांडण, सगळं सांगतो. या घराने एवढंच कमावलं आहे आणि ते कमी नाही, असं माझं मत. पाळकसाहेबांना ते कमी वाटतं. आम्ही दोघांनी यावर वाद घातला आहे आणि तो मिटलेला नाही.

धाकटीचं नाव २०२५ च्या दृढीकरण वर्गाला आपोआप लागलं होतं, जसं सगळ्यांचं लागतं. या वेळी आईने तिला स्वयंपाकघरात बसवून विचारलं, तुला घ्यायचं आहे का? ती म्हणाली, एक वर्ष थांबते, अजून काही विचारायचं आहे. वडिलांनी स्वतः जाऊन यादीतून नाव काढून आणलं. वर्गाला मात्र ती जाते, आणि म्हणे फार प्रश्न विचारते.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या दृष्टीने निर्णयाचे तीन क्षण हातून गेले, आणि त्यातला पाळक पाठवण्याचा क्षण सगळ्यांत ठळक दिसत असला तरी सगळ्यांत महत्त्वाचा नव्हता.

दफनाच्या दिवसानंतरचा आठवडा महत्त्वाचा होता. घर शोकात होतं, भेटायला येणाऱ्यांवर बंदी होती, सांत्वन फोनवरून चाललं होतं. मोठ्यांचं सांत्वन झालं. एकोणीस वर्षांच्या मुलाला मात्र “आईला सांभाळ” एवढंच सगळ्यांनी सांगितलं. मीही तेच म्हणाले होते. आता मी अशा घरी गेले की तरुण पोराशेजारी बसते आणि आजोबांबद्दल त्याला बोलतं करते.

दृढीकरणाचा क्षणही गेला. पंधरा वर्षांचं झालं की तुकडीने उभं करायचं, ही सोय मंडळीची. ‘मी स्वतः हा विश्वास स्वीकारतो’ असं म्हणायचा विधी आपण मुलाला न विचारता उरकतो, आणि पुढे त्याने स्वतःचं काही म्हटलं की दचकतो.

तिसरा क्षण त्या सोमवारच्या बैठकीतला. आईने योग्य पर्याय मांडला होता आणि आजीने त्याहून योग्य. दोघींना आम्ही बाजूला सारलं, कारण त्या काहीतरी *न करण्याचं* सुचवत होत्या. मी मुलाला आधी विचारायला सांगितलं असतं, तर तो कदाचित भेट टाळता. टाळू द्यायला हवं होतं. एक्कावन्न दिवस वाचले असते. पण आई एसटीत बसली असती का, वडिलांनी पत्र लिहिलं असतं का, हे मला सांगता येत नाही.

यंदा ईस्टरच्या आधी वडिलांनी मला विचारलं, “बाई, ‘येतोस का?’ एवढं विचारलं तर चालेल का? की तोही दबाव होईल?” मी म्हटलं, त्यालाच विचारा. त्यांनी मेसेज टाकला. उत्तर दोन तासांनी आलं. “सुट्टी नाही पप्पा. आजीला सलाम सांगा.”